ग्रोलला डोळे नव्हते

परवा शिरूरला भाच्याच्या वाढदिवसाला काहीतरी घ्यावं म्हणून खेळण्यांच्या दुकानात शिरले, तर समोरच काचेत 'किराडॉन'चा नवा खोका. वर लाल डोळ्यांचा राक्षस दात विचकून हसतोय. दुकानदार म्हणाला, "ताई, हेच घ्या. पोरं नुसती तुटून पडलीत. नवा पिक्चर येतोय ना ह्याचा." मी खोका उलटा केला, मागचं चित्र बघितलं आणि होता तिथं ठेवून दिला. भाच्याला बॅट घेतली. दुकानदाराला वाटलं असेल, बाई चिकट दिसते. वाटू दे. माझ्या जागी रासकर भाऊ असते तर त्या बिचाऱ्याचं काही खरं नव्हतं. खोक्यावरच्या त्या राक्षसाला, म्हणजे ग्रोलला, डोळे लावणं हा किती मोठा गुन्हा आहे हे त्यांनी त्याला पदरचा चहा पाजून समजावलं असतं, आणि तो दुकान बंद करून पळाला असता.

रासकर भाऊ सणसवाडीला आमच्या कंपनीत मेंटेनन्सला होते. कंपनी कसली, पत्र्याची शेड. मोठ्या कंपन्यांना गाड्यांचे पत्र्याचे पार्ट पुरवायचे. पाच प्रेस मशीन ओळीनं उभ्या. खाली पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरचं धूड खाली येऊन घाव घालतं आणि पार्ट तयार. मी स्टोअर सांभाळायची. माझ्या स्टोअरला एका बाजूनं शेडची खिडकी आणि दुसऱ्या बाजूनं गेटची, त्यामुळे कंपनीत कोण आलं, कोण गेलं आणि कोण काम सोडून तंबाखू मळतंय, सगळं मला बसल्या जागी दिसायचं. माझी धाकटी जाऊ शोभा चार नंबरच्या प्रेसवर होती. आम्ही दोघी केंदूरहून कंपनीच्या गाडीनं सोबतच यायचो.

रासकर मूळचे भांडगावचे. हायवेपासून आत त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. मळा बायको आणि वडील बघायचे, हे सणसवाडीत खोली करून राहायचे आणि गुरुवारच्या सुट्टीला मोटारसायकलवर गावी जायचे. चाळिशी उलटलेली, अंगानं काटकुळे, मिशी बारीक, खिशाला टेस्टर. दिसायला साधा माणूस हो. पण एक सवय अशी की पहिल्यांदा भेटणाऱ्याला अंगावर काटाच यायचा. कुणी समोर आलं की हे त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, आधी हातांकडे बघायचे. दोन्ही हात, सगळी बोटं. मग मान वर करून "बोला."

मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, बायामाणसांच्या हाताकडं काय बघता असं? बांगड्या मोजता का काय?"

"बांगड्या न्हाई, मंगलताई. सणसवाडीत चहाच्या टपरीवर एक डाव उभ्या ऱ्हावा आन् गिलास धरणाऱ्या हातांकडं बघा. मग इचारा मला."

मी बघितलं. एका गुरुवारी मुद्दाम बघितलं. कुणाच्या हाताला तीन बोटं, कुणाच्या दोन. पुन्हा त्यांना कधी विचारलं नाही.

आता त्या किराडॉनचं सांगते, म्हणजे सगळं ध्यानात येईल. ही परदेशी खेळणी. बारक्या बारक्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा संच असतो, ते एकात एक बसवून यंत्रमानव, तळ, अवकाशयान असं काय काय उभं करायचं. त्यावर टीव्हीला कार्टून होतं, हिंदीत. रासकरांनी ते आयटीआयला असताना दौंडला मित्राच्या घरी बघितलं आणि तिथून जे लागलं ते सुटलंच नाही. त्यांना खेळणं म्हटलेलं खपायचं नाही. 'संच' म्हणायचं. आमचे ऑपरेटर त्यांना मागून 'किराणा डॉन' म्हणायचे. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना त्याचं काडीचं वाटत नव्हतं.

मला ह्यातलं ज्ञान नको नको म्हणताना मिळालं. माणूस स्टोअरला ग्रीस मागायला आला तर ग्रीस घेऊन जाईल की नाही? हे ग्रीस हातात घेऊन खिडकीशी उभे, आणि विषय किराडॉनच्या दुसऱ्या खेपेच्या, दुसऱ्या लॉटच्या, यंत्रमानवाच्या गुडघ्याचा.

"पहिल्या लॉटचा गुडघा बघा, मंगलताई. खटका हाय त्यात. तुम्ही वाकवा, तितंच ऱ्हातो. दुसऱ्या लॉटपास्नं गोळी घातली. गोळीचा सांधा! वर्षात ढिला पडतो. उभा केलेला गडी सकाळी बघावं तर गुडघ्यावर बसल्याला."

"मग बसू द्या की. दमला आसंल."

"तुम्हाला चेष्टा सुचती," असं म्हणून हसायचे, पण जागचे हलायचे नाहीत. तिसऱ्या लॉटमध्ये कंपनीनं बारके तुकडे कमी करून मोठे आयते तुकडे दिले, त्यावर त्यांचं मत: "आयता तुकडा म्हंजी आयतं जेवण. पोट भरतं, स्वयंपाक येत न्हाई." स्टिकर चिकटवणाऱ्या कंपनीला ते माफ करायला तयार होते, कारण स्टिकर न लावायची सोय असते. पण एका गोष्टीला माफी नव्हती. निळी खीळ.

गोष्ट अशी. किराडॉन नावाच्या ग्रहावर माणसांनी मोठमोठी यंत्रं बांधली आणि प्रत्येक यंत्राच्या छातीत एक निळी खीळ बसवली. यंत्राच्या हाताखाली माणूस आला की खीळ आपोआप बाहेर उडते आणि यंत्राचा हात अडकतो. मग एका पिढीनं कामाची घाई म्हणून सगळ्यात मोठ्या यंत्राची खीळ काढून टाकली. त्या यंत्राचं नाव ग्रोल. बस, एवढंच. बाकी सगळी भानगड त्यातून. पहिल्या लॉटच्या संचात ही खीळ खरी होती. बारकी बाहुली यंत्राच्या हाताखाली सरकवली की 'टक्' करून खीळ बाहेर यायची आणि हात वरच्या वर थांबायचा. चौथ्या लॉटला कंपनीनं खर्च वाचवला. छातीवर खिळीचं नुसतं चित्र छापलं.

"चित्र!" रासकर म्हणायचे. एरवी आवाज न चढवणारा माणूस. "खिळीचं चित्र! वरनं बघणाऱ्याला वाटतं हाय. आसलेली काढली तर मान्स जपून ऱ्हात्यात हो. दिसती आन् नसती, ते वंगाळ."

आणि ग्रोल. त्यांच्या मते आजपर्यंत झालेल्या सगळ्या खलनायकांत ग्रोलसारखा नाही. का? तर त्याला तोंडच नव्हतं. डोळे नव्हते, नाक नव्हतं, काळा ठोकळा. तो कुणावर रागवायचा नाही, कुणाला शिव्या द्यायचा नाही. एकदा दोन नंबरचा ऑपरेटर मस्करीत म्हणाला, "भाऊ, आज ग्रोलला भूक लागल्याली दिसती." तर रासकर एकदम गंभीर.

"भूक कशाला लागंल त्येला? त्यो खातच न्हाई. त्यो खाली येतो आन् वर जातो. खाली कोन हाय ह्ये त्येला ठावंच न्हाई. भ्या त्येचंच हाय, लेका. रागावल्याला समजावता येतं. ह्येला काय सांगनार?"

तो ऑपरेटर हसायचा थांबला. पलीकडं पाचही प्रेस खाली येत होत्या, वर जात होत्या. मला तर त्या दिवसापासून त्या शेडमध्ये एकटीनं जायला नको वाटायचं. काही गरज होती का सांगायची?

किराडॉनचा पहिला पिक्चर आला तेव्हा त्यांनी सुट्टी टाकली. आयुष्यात आजारपणाची सुट्टी न घेणारा माणूस! पुण्याला जाऊन पहिला खेळ बघितला आणि मध्यंतरात उठून आले. पिक्चरवाल्यांनी ग्रोलला लाल डोळे दिले होते आणि तो घोगऱ्या आवाजात 'हा हा हा' हसत होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड असं उतरलेलं की मला वाटलं घरी कुणाचं काही बरंवाईट झालं. म्हणाले, "लोकान्ला कळलंच न्हाई, ताई. त्यान्ला वाटतं वाईट व्हायला कुनीतरी वाईट लागतं."

त्यांच्या खोलीवर मी एकदाच गेले, शोभा सोबत होती. भाऊ चाव्यांचा जुडगा खोलीवर विसरले म्हणून मॅनेजर साहेबांनी पाठवलं होतं, कारण हे स्वतः एक नंबरच्या पोटात शिरलेले. खोलीत चटई, स्टोव्ह, दोन भांडी आणि भिंतभर रॅक. रॅकवर संच. धूळ बसू नये म्हणून वरून प्लॅस्टिक टाकलेलं, त्यामुळे आतले गडी धुक्यात उभे असल्यासारखे दिसत होते. घरमालकीण दारातूनच म्हणाली, "मी न्हाई बाई आत येत. ते काळं हाय न्हवं खालच्या फळीवर, त्ये करणीचं हाय." खालच्या फळीवर एकटा ग्रोल, दाराकडं तोंड करून, तोंड असतं तर. शोभानं प्लॅस्टिक उचलून त्याच्या हाताखाली बोट सरकवलं. 'टक्' झालं, गोष्टीत ह्याला नसलेली, पण भाऊंनी स्वतः बसवलेली निळी खीळ बाहेर आली, हात अडकला. शोभा खुदकन हसली. "अक्का, गुनाचं हाय की ह्ये!"

शोभा तशीच. भोळी, देवभोळी, कामाला वाघ. शेडमधली सगळ्यात हलक्या हाताची बाई. तिचे पार्ट कधी रिजेक्ट यायचे नाहीत. घरातला तिचा हात म्हणजे सगळ्या घराचा हात. भाकरी तिच्या, रांगोळी तिची, दोन्ही पोरींच्या वेण्या तिच्या. मला नीट वेणीसुद्धा घालता येत नाही.

आमच्या प्रेसला निळी खीळ नव्हती, पण सेन्सर होता. मशीनच्या तोंडाशी दोन्ही अंगांना उभ्या पट्ट्या. एकीतून न दिसणारा उजेड दुसरीत जातो. मध्ये हात आला की उजेड तुटतो आणि प्रेस थांबते, उचललेलीच राहते. पॅनेलला एक चावी असते. ती फिरवली की सेन्सर झोपतो. डाय, म्हणजे पार्टचा साचा, बदलताना, दुरुस्तीला लागते म्हणून ती सोय. पाचही चाव्या रासकरांच्या कमरेला. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर देशमाने, अधूनमधून म्हणायचे, "रासकर, सेन्सरमुळे स्पीड मिळत नाही. मोठ्या ऑर्डरला जरा चावी फिरवत जा." रासकर म्हणायचे, "साहेब, चौथा लॉट करायचा का?" साहेबांना काही कळायचं नाही. ते मान हलवून निघून जायचे.

सुरक्षा सप्ताहात रासकरांनी जे केलं ते कुणी विसरलं नसेल. साहेबांनी त्यांना ऑपरेटर लोकांपुढं चार शब्द बोलायला सांगितलं. हे कँटीनमधून मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन आले. कामाचा पांढरा हातमोजा घेतला, त्यात बोटाबोटांत कणीक भरली, आणि तो हात चार नंबरच्या डायवर ठेवून पेडल दाबलं. प्रेस हललीच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी चावी फिरवली आणि पुन्हा पेडल दाबलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रासकरांनी तो मोजा उचलून दाखवलासुद्धा नाही, तसाच राहू दिला. म्हणाले, "आवाज ऐकला का? पार्टचा जेवढा येतो तेवढाच आला." त्या दिवशी कँटीनच्या बायकांनी चपात्या करायला नकार दिला, सगळ्यांनी भातावर भागवलं. साहेब चिडले. हे असं घाण दाखवायचं नसतं म्हणाले.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. आमच्याकडं कारखान्यात खंडेनवमीला मशीन पुजतात. आदल्या दिवशी धुऊन पुसून लख्ख करायच्या, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा आणि झेंडूचा हार घालायचा. हार रासकरांच्या मळ्यातले. दरवर्षी तेच आणायचे, हौसेनं. मनगटाएवढे जाड, मशीनच्या माथ्यापासून दोन्ही अंगांनी खाली लोंबणारे. पूजा झाली की शास्त्राला दोन-चार घाव मारायचे, पेढे खायचे आणि घरी जायचं. घातलेला हार दसरा होईपर्यंत काढायचा नाही. मशीन ही देवी असते त्या दिवशी, तिच्या गळ्यातला हार कोण काढणार?

पण त्या वर्षी सणाच्या गाड्यांची ऑर्डर अंगावर आलेली. साहेब म्हणाले, पूजेनंतर पूर्ण शिफ्ट चालवायची.

आणि चालेचना. प्रेस हलली की हार हलायचा, हलला की सेन्सरच्या पुढं यायचा, की प्रेस बंद. हार वर सरकवला, घसरून पुन्हा खाली. दोऱ्यानं बांधला, दोरा तुटला. पाचही मशीनचा तोच तमाशा. कुणीतरी दबकत म्हणालं, हार काढू का? तर सगळ्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं उचललेला हात खाली घेतला. शोभा म्हणाली, "आजच्या दिवशी देवीचा हार काढायचा? वरीसभर ह्याच मशीनपुढं उभं ऱ्हायचंय आपल्याला." तिचं बोलणं सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू?

साहेबांच्या ड्रॉवरमध्ये जादा चाव्या होत्या. त्यांनी जाऊन पाचही पॅनेलला चावी लावली आणि फिरवली. हारही राहिला, कामही चालू झालं. सेन्सर झोपला तरी पट्ट्या जागेवर, पॅनेलवरचा दिवा हिरवाच. सगळे खूश. "देवी पावली," कुणीतरी म्हणालं.

रासकर मागं टूलरूममध्ये हात धूत होते. तिथून त्यांना आवाज ऐकू गेला. सेन्सर चालू असला की घाव, मग हात बाहेर येईपर्यंत जरा उसंत, मग घाव. ती उसंत नाहीशी झाली होती. मी खिडकीतून बघत होते. ओल्या हातानं ते धावत आले, तोंड पांढरंफटक. चार नंबर सगळ्यात जवळ. शोभाचा एक पार्ट डायमध्ये अडकला होता आणि ती वाकून तो काढत होती. पाय पेडलवर. रासकरांनी लाल बटणावर हात मारला. वरचं धूड येता येता अधांतरी थांबलं.

मग त्यांनी तो हार ओढला. तोडलाच. तिथून पाच, तीन, दोन, एक, जाईल तिथं बंद करत आणि हार तोडत गेले. शेडभर झेंडू. माणसांच्या पायाखाली झेंडू. रासकर मध्ये उभे, हातात तुटलेला दोरा, आणि सगळ्यांच्या हातांकडं बघत होते.

पहिली बोलली शोभा. रडायलाच लागली. "देवीचा हार तोडला तुमी, भाऊ! आज खंडेनवमीला! कुटं फेडाल ह्ये?"

"शोभाताई, तुझा हात आत व्हता."

"मी काढतच व्हते हात! मला कळत न्हाई व्हय?"

साहेब आले ते तांबडेलाल होऊन. मी खरं सांगते, त्या शेडमध्ये एकही माणूस रासकरांच्या बाजूचा नव्हता. कुणाला काही झालंच नव्हतं ना! झालं असतं तर त्यांना खांद्यावर घेऊन नाचले असते. वाचवणाऱ्याचं हेच दुर्दैव. त्यात दसरा झाल्यावर तीन नंबरचा डाय तडकला. जुनाच होता, तडकायचाच होता, पण सगळ्यांनी मान डोलावली: हार तोडला, आता भोगा. साहेबांनी रासकरांच्या कमरेच्या चाव्या काढून घेतल्या आणि त्यांना गोदामात पार्ट मोजायला बसवलं. दिवाळीच्या आधीच ते नोकरी सोडून भांडगावला गेले. जाताना खिडकीशी आले. मला वाटलं, काही कडू बोलतील. म्हणाले, "मंगलताई, चाव्या आता पॅनेललाच लावून ठेवल्यात. पट्ट्या तशाच हायत, दिवा हिरवाच हाय. नवीन मानसाला कळनार न्हाई. शोभाताईला सांगत ऱ्हावा."

"भाऊ, ती तुमचं नावसुद्धा घेत न्हाई हो," मी म्हटलं.

"नाव न्हाई घेतलं तरी चालंल. हात बाहीर घेऊ द्या."

नवीन मेंटेनन्सवाला आला. चांगला पोरगा होता, पण 'साहेब म्हणतील तसं' ह्यापुढं त्याची धाव नव्हती. चाव्या वर्षभर पॅनेलला लटकत राहिल्या. ऑर्डर आली की फिरायच्या, गेली की कधी परत फिरवल्या जायच्या, कधी नाही. मी शेडमध्ये गेले की आधी चार नंबरचं पॅनेल बघायची. मी दोनदा साहेबांशी भांडले. पहिल्यांदा ते हसले, दुसऱ्यांदा म्हणाले, "बाई, तुम्ही तुमचं स्टोअर बघा."

उन्हाळ्यात एका दुपारी केंदूरला ओसरीवर आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. शोभा बोलता बोलता थांबली. स्वतःच्या हाताकडं बघत राहिली.

"अक्का, एक सांगू? त्या दिवशी मी हात काढत नव्हते."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"पार्ट हलत नव्हता. मी अजून आत घालत व्हते हात. पाय पेडलवरच व्हता. मला कळलंच न्हाई, दाबला कवा त्यो." तिनं पुन्हा शेंग उचलली. "कुनाला सांगू नगंस."

"मग त्यान्ला तरी सांग की. भांडगाव काय लंडनला हाय?"

"कोन्त्या तोंडानं जाऊ?" म्हणाली, आणि उठून आत गेली.

पुन्हा खंडेनवमी आली. हार बाहेरून आणायचे ठरले होते, पण सकाळी गेटला मोटारसायकल थांबली, मागं फुलांची पाटी. रासकर. वर्षात केस पिकले होते. वॉचमननं आत सोडलं नाही, वरून ऑर्डर होती. मी गेटच्या बाजूच्या खिडकीतून हात घालून पाटी घेतली. म्हणाले, "ह्या वर्षी आमच्याकडनंच असू द्या. पैसं नकोत." मग हळूच, "शोभाताई चार नंबरलाच हाय?"

"व्हय."

"हार बघा, आखूड केल्यात. माथ्यावर बसत्यात, खाली येत न्हाईत. तेवढं जोडू देऊ नका."

मी पाटी उघडली. एकेक हार जेमतेम हातभर. जाड, टपोरा, पण हातभर. त्या माणसानं वर्षभर ह्याचाच विचार केला असणार.

आत काय झालं असेल तुम्हीच सांगा. "हे कसले हार? लेकराच्या गळ्यातले?" साहेब म्हणाले, "देवीला काटकसर नको." पोरांनी तीन-तीन हार गाठ मारून एक केले आणि सोडले मशीनच्या माथ्यावरून दोन्ही अंगांना. मी शेडच्या खिडकीतून ओरडले, जोडू नका, जोडू नका. तर नारळाच्या आणि घंटेच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? मी आत गेले, साहेबांपुढं उभी राहिले. "साहेब, ते हार आखूडच ठेवायचे होते." साहेब म्हणाले, "सणाच्या दिवशी तोंड वाजवू नका." त्या वर्षीही ऑर्डर होतीच. चाव्या फिरल्या. दिवे हिरवे.

मी स्टोअरला परत आले. गेटकडच्या खिडकीतून बघते तर रासकर गेलेच नव्हते. मोटारसायकल स्टँडवर लावून, प्लग साफ करायचं निमित्त करून गेटबाहेर उभे. पाचही प्रेस सुरू झाल्या. त्यांची मान वर आली. बिनउसंतीचे घाव, एकामागून एक. त्यांनी हातातला प्लग खाली ठेवला.

तेवढ्यात चार नंबर थांबली.

रासकरांनी गेटचे गज धरले. मी दुसऱ्या खिडकीकडं धावले. माझ्या डोळ्यांपुढं काय काय आलं ते मी लिहीत नाही.

शोभा उभी होती. दोन्ही हात जागेवर. तिनं मशीन बंद केली होती आणि स्टूल ओढून त्यावर चढत होती. सगळी शेड बघतेय. तिनं आधी देवीला हात जोडले, मग तो जोडलेला हार माथ्यावरून उतरवला, कपाळाला लावला आणि मशीनच्या पायाशी परातीत ठेवला. खाली उतरली, पॅनेलची चावी सरळ केली, काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचली. साहेब धावत आले. "शोभा, काय चाललंय? चावी द्या इकडं!"

"न्हाई द्यायची, साहेब," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण घंटा तेव्हा थांबली होती. "त्या दिवशी माझा हात आतच व्हता. रासकर भाऊ खरं बोलत व्हते. कामावरनं काढायचं तर काढा."

आणि तिनं पेडलवर पाय ठेवला. घाव. उसंत. घाव. साहेब तिथंच उभे राहिले.

मी धावत गेटच्या खिडकीशी आले. रासकर अजून गज धरून. मी दोन्ही हात वर करून सगळी बोटं पसरून दाखवली, म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. मला वाटलं, आता हसतील, गाडीला किक मारतील आणि जातील. मी म्हटलंसुद्धा, "भाऊ, जावा आता घरी. सण हाय."

ते हलले नाहीत. आत चार नंबर उसंत घेत चालली होती. बाकीच्या चार जोडलेले हार घालून, हिरवे दिवे लावून, न थांबता चालल्या होत्या. रासकर त्या चौघींचा आवाज ऐकत गेटबाहेर उभे होते, शिफ्ट सुटेपर्यंत.